अपेक्षाचा पुसलेला पत्ता

मी, प्रबुद्ध धोंडिराम वाघमारे, वय ३६, राहणार सांगली, मूळ गाव रहिमतपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला आजार नाही, भीती आहे. मजकूर वाचताना हे ध्यानात घ्यावे.

१. रहिमतपूरचे घर, बँकेतली ठेव आणि स्कूटर पत्नी आम्रपाली हिला. त्यात कोणी हिस्सा मागू नये.

२. मी इथल्या एका कॉलेजचा वेब सर्व्हर, म्हणजे वेबसाइट चालवणारा संगणक, सांभाळतो. त्याच्या पासवर्डचा बंद लिफाफा सहकारी भाऊसो यांना. दर शनिवारी टेपवर बॅकअप, म्हणजे सगळ्याची नक्कल, घ्यावा. आणि कोणी धमकावून काही मागितले, तर माझ्यासारखे एकट्याने सोसू नये.

३. घडले ते असे. कॉलेजच्या वेबसाइटवर माजी विद्यार्थ्यांसाठी अभिप्रायाचे पान आहे. ऑगस्टमध्ये आमची माजी विद्यार्थिनी, आटपाडीकडची अपेक्षा, हिने त्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिले, "आई, मी सुखात आहे. मुलगी झाली." घरच्यांचा विरोध मोडून लग्न करून ती दोन वर्षांपूर्वी निघून गेली होती. बातमी गावी पोचली आणि तिचा चुलता आकाराम दोघांना घेऊन कॉलेजात माझ्याकडे आला.

"कुठनं लिवलंय ते तुमच्या मशीनला कळतंय म्हणं. तेवढं सांगा."

"तशी नोंद राहत नाही," मी म्हणालो.

"सायेब, तुमची बायकू पाचला शाळेतनं सुटती न्हवं?"

नोंद राहते. वेबसाइटवर येणाऱ्या प्रत्येक संगणकाचा आकडी पत्ता सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, उमटतो. त्याच दिवशी मी तो लॉग पुसला, बॅकअपची टेपही पुसली. पण पुसण्याआधी पत्ता वाचला. तो एका दूरच्या संस्थेतल्या संगणकाचा होता; अपेक्षा तिथे कामाला असणार. आता तो फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि मार पडल्यावर मी गप्प राहीन याची मला खात्री नाही.

४. विभागप्रमुख म्हणाले, "एक पत्ता तर आहे, देऊन टाका." त्यांना माझ्याकडून काही नाही. अंत्यविधीलाही त्यांनी येऊ नये.

५. अपेक्षाची ओळ मी छापून, खाली मराठी अक्षरांत उतरवून ठेवली आहे. तो कागद तिची आई रंगुबाई यांना आम्रपालीने स्वतः नेऊन द्यावा, आकाराम घरी नसताना. वाचून दाखवावा. त्या म्हणतील तितक्या वेळा.

६. त्या संस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला मी ईमेल केला होता, अपेक्षाला सावध करा म्हणून. काल उत्तर आले, "ती काम सोडून दुसऱ्या गावी गेली. कुठे, ते मी विचारले नाही." म्हणजे आता मला बोलते करूनही कोणाच्या हाती काही लागणार नाही. पण आकारामला ते खरे वाटणार नाही. सकाळपासून त्याची जीप कॉलेजच्या फाटकासमोर उभी आहे, आणि मला बाहेर तर पडायचेच आहे.

सही: प्र. धों. वाघमारे

आमच्यासमोर सही केली:
१) डॉ. नाथाजी माने, यांनी मला तपासले
२) धुळा कोळेकर, कॉलेजचे शिपाई

सांगली, २३ सप्टेंबर १९९८