चौथं शील

पिंपरी पेंढार,
शुक्रवार, दि. ९ मे २००३

प्रिय प्रज्ञा हिला,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. मामांना आणि मामींना माझा जय भीम सांग. आईचा गुडघा उन्हाळ्यात जरा हलका आहे. तू मोरीच्या पाण्यावर लावलेला शेवगा कमरेएवढा झालाय. त्याला बघून आई रोज विचारते, "सूनबाई कवा येती?" मी म्हणतो, पौर्णिमेनंतर बघू.

फाट्यावर काम आहे. परवा एका रसवंतीचा बोर्ड केला. मालकाने कागदावर 'शितल' लिहून दिलं होतं, मी 'शीतल' रंगवलं. तो तावातावाने म्हणाला, "पोरगी माझी, नाव माझ्या पोरीचं, आन् तू मला शिकवतो व्हय?" मी पुसलं नाही. बोर्ड तसाच लागलाय.

तुमच्या शेजारच्या सोपानने मामांचा निरोप आणला. बुद्धपौर्णिमेला शिनोलीच्या विहारात यायचं, सगळ्यांसमोर पाचवं शील म्हणायचं, दारू सोडल्याचं कबूल करायचं आणि संध्याकाळी तुला घेऊन जायचं. आई म्हणाली, "दोन वळी म्हनायच्या, त्यात तुझं काय जातंय?"

त्याचंच उत्तर लिहायला बसलो होतो आणि रसवंतीवर गेलो. माझं असंच होतं. गेल्या महिन्यात तुमच्याकडे दोनदा फोन आला आणि पलीकडून कोणी बोललं नाही, तो मीच होतो. मामा 'हॅलो' म्हणाले आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.

त्या भिंतीपासून सांगतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'दारू सोडा, संसार जोडा' लिहायचं काम मामांनी शब्द टाकून मला मिळवून दिलं. जावयाचं अक्षर दाखवायला माणसं जमवली. मला एकट्याला सोडलं असतं तर तासाभरात भिंत झाली असती. पण मागे माणूस उभा राहिला की माझं मानेपासून सुरू होतं. मान ताठते. मग छातीत कोणी आतून दार ठोकतंय असं वाटतं, बोटं गार पडतात, तळव्याला घाम सुटतो आणि ब्रश घसरतो. 'दा' नीट आला. 'रू' काढताना ऊकाराचं शेपूट थरथरत गेलं आणि रंग खाली ओघळला. घोळक्यातून गेणभाऊ म्हणाले, "आरं, ह्याच्या दारूलाच चढलीया!" सगळे हसले.

मामा हसले नाहीत. मला पाण्याच्या टाकीमागे नेऊन त्यांनी विचारलं, "खरं सांग. घेतलीस का?"

मी हो म्हणालो.

प्रज्ञा, मी घेतली नव्हती. आयुष्यात कधीच घेतलेली नाही.

मग हो का म्हणालो? दुसरं काय सांगणार होतो? सत्तावीस वर्षांच्या बाप्याला मागे माणसं उभी राहिली की भीती वाटते, हे? दारू म्हटलं की लोकांना लगेच कळतं. मामांना तर जास्तच. दारूने गेलेल्या भावाला त्यांनी खांद्यावर घरी आणलंय. हे मला माहीत होतं, आणि तरी मी हो म्हणालो. म्हणताक्षणी छाती शांत झाली. या पत्रात हेच वाक्य लिहायला सगळ्यात जास्त लाज वाटली.

तुझं काही चुकलं नाही. सकाळच्या उलट्या, हाताचा कंप, एसटीतून मधेच उतरून चालत येणं, मग उशीर. तोंड कोरडं पडतं म्हणून मी बडीशेप चघळायचो. तू विचारायचीस, "वास लपवायला का?" आधी गमतीने विचारायचीस, नंतर गंमत राहिली नाही. कपड्यांना टर्पेंटाइन. सगळं जुळत होतं. नववीत फळ्याशी उभं केलं की खडू हातात टिकायचा नाही, म्हणून मी शाळा सोडली. घरी सांगितलं, गणित जमत नाही. गणित जमायचं.

मागच्या आठवड्यात छातीत फार झालं म्हणून फाट्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. बाकावर आळ्याचे कुशाबा बसले होते, दंडाला पट्टी बांधलेली. उसाच्या कडेला बिबट्याने शेळीवर झडप घातली, तेव्हा हे मधे पडले. मला विचारलं, "नाव काय?" मी सांगितलं. म्हणाले, "नाव समाधान, आन् त्वांड असं?" मग बाकीच्यांना सांगू लागले, "हात गार पडलं. त्वांड वाळलं. छाती अशी उडाया लागली, का बिबट्यापरीस तिचंच लई भ्या वाटलं. त्यो गेला, पन पाय घंटाभर कापत व्हतं." चहा आला तेव्हा त्यांच्या हातात बशी डचमळली. शेजारच्या माणसाने ती धरली. कोणी हसलं नाही.

ते माझंच सांगत होते, प्रज्ञा. माझ्या गोष्टीत बिबट्या तेवढा नव्हता.

डॉक्टरांना मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. त्यांनी यंत्रावर छातीचे ठोके कागदावर काढले. घरी आल्यावर मी त्या रेघेच्या टोकांमधलं अंतर फूटपट्टीने मोजलं. सगळीकडे सारखं आहे. डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगलं आहे. तुमच्या अंगाला बिबट्या दिसतोय, म्हणून ते पळायची तयारी करतंय. हे ढोंग नव्हे. वेळ लागेल, पण कमी होईल." गोळ्या दिल्यात आणि श्वास सावकाश सोडायला शिकवलंय.

भीती. यातल्या दोन्ही वेलांट्या दीर्घ. हा शब्द कुठल्याच बोर्डावर लागत नाही, म्हणून मी कधी तपासला नव्हता. आजवर पहिली ऱ्हस्व काढत होतो.

आता मामांच्या निरोपाचं. दारू सोडली असं म्हणालो तर सगळ्यांना बरं वाटेल. पुढच्या आठवड्यात हात पुन्हा थरथरला की तू समजशील, परत सुरू झाली. दारू सोडतो असं चारचौघांत म्हणता येतं. भीती तशी सोडता येत नाही.

पौर्णिमेला मी येणार आहे. पाचही शीलं सगळ्यांबरोबर म्हणेन, दरवर्षी म्हणतोच. पण पाचव्याच्या आधी चौथं येतं, खोटं न बोलण्याचं. माझ्या हातून मोडलंय ते चौथं. शीलं म्हणून झाली की उभा राहीन, आणि टाकीमागे जे सांगायला हवं होतं ते मामांना सगळ्यांसमोर सांगेन. आवाज फुटला नाही तर हे पत्र तू वाचून दाखव. मामांना वास घ्यायचा असेल तर खुशाल जवळ यावं. टर्पेंटाइनचा येईल.

घाबरट माणसाबरोबर यायचं की नाही, ते तू ठरव. दारुड्याबरोबर यायला तू तयार झाली होतीस, असं सोपान म्हणाला. ते ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मी पत्र आधी कच्चं लिहितो आणि मग पक्कं करतो, हे तुला ठाऊक आहे. हे कच्चंच पाठवतोय. मी 'हो' म्हणालो असं जिथे लिहिलंय, तिथली मात्रा हललीय. ती तशीच ठेवली आहे.

पूर्ण शुद्धीत, थरथरत्या हाताने,
तुझा
समाधान