तेरखेड्याचा गंधक आणि माझं तोंड

तेरखेडा, सोमवार
सन १३५३ फसली (इंग्रजी १९४४)

अदबीचे मामूजान, जैनोद्दीन कंपौंडर, मुक्काम नळदुर्ग यांस मुनवरचा सलाम. इकडं अम्मी, अब्बा आणि शेळ्या खुशाल आहेत. मुमानीचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. पत्र मराठीत लिहितोय, कारण उर्दूत लिहिलं तर टपालात टाकण्याआधी अब्बा वाचतात. (मराठी ते फडाफडा बोलतात, पण अक्षर ओळखत नाहीत.) मला काही मागायचं नाही, नुसती हकीकत कळवायची आहे.

माझ्या तोंडावरच्या मुरमांसाठी तुम्ही गंधकाचं मलम दिलंत आणि बजावलंत की तोंड धुऊन रात्री पातळ थर लावायचा, मुरमं फोडायची नाहीत आणि महिना-दीड महिना धीर धरायचा. मामू, तुम्ही दवाखान्यात सावलीला बसता, तुम्हाला धीर परवडतो. मला बघायला जळकोटहून सायराबीची माणसं येणार होती. (तिच्या मावशीच्या लग्नात आमचंच शोभेचं दारूकाम होतं. माझा एक नळा फुसका निघाला तेव्हा ती हसली, आणि पुढच्या नळ्याच्या उजेडात ते हसू मला दिसलं. तेव्हापासून दुसरी मुलगी डोळ्यांपुढं येत नाही, खरं सांगतो.) घरात गंधकाचं पोतं असताना चिमूटभर मलमावर कुठं बसायचं, असं म्हणून मी ओंजळभर गंधक करडईच्या तेलात कालवला आणि सकाळ-संध्याकाळ भिंत लिंपावी तसा लिंपला. मुरमं जागची हलली नाहीत. भोवतालची कातडी मात्र लाल होऊन पापुद्रे सुटले.

त्यात आमच्या फटाक्यांच्या कारखान्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. अंगाला गंधक असेल त्या माणसाजवळ विस्तव न्यायचा नाही. अम्मीनं तो नियम माझ्या तोंडालाही लावला. चुलीजवळ फिरकायचं नाही, चहा निवल्यावर मिळणार, बिडीवाला आला की मी परसात, आणि अंथरूण शेळ्यांच्या गोठ्यात. सोरा आणि कोळसा मिसळल्याशिवाय गंधकाचा बार होत नाही, हे मी तिला दहादा समजावलं. ती म्हणाली, चूल माझी आहे.

पाहुणे शनिवारी सकाळी यायचे होते. वाटेत मालाची गाडी मिळाली म्हणून शुक्रवारी दिवेलागणीलाच हजर झाले. माझ्या तोंडावर ताजा थर होता आणि तो धुवायला कुणी उसंत दिली नाही. अम्मीनं कंदील उचलून पार मागच्या खोलीत ठेवला. अब्बांनी मुलीच्या मामाच्या हातातली पेटती बिडी अदबीनं काढून घेतली (घेताना दोनदा माफीही मागितली). ओसरीत असा अंधार झाला की मुलीच्या दादीनं, सरदारबींनी, मी समजून अब्बांनाच वय विचारलं. मी मनातून खूश होतो. एकही मुरूम कुणाला दिसत नव्हता.

तेवढ्यात सरदारबी माझ्याकडं वाकल्या आणि त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मला वाटलं, जळकोट हातचं गेलं.

"ह्यो गंधक हाय," त्या म्हणाल्या. "आमची सायरा बी लावती, नळदुर्गच्या कंपौंडरचं मलम. पर ती शहाणी हाय, पातळ लावती."

एवढं बोलून त्यांनी गार चहा संपवला आणि ईद झाली की पोराला भर दुपारी उन्हात बघू, असं सांगून गेल्या. मुमानीस सलाम, लहानग्यांस दुवा.

तुमचा सोललेला भाचा,
मुनवर

ता. क. मलमाची एक डबी पाठवावी. पातळ लावीन. ईदपर्यंत धीर धरीन. पोत्याला हात लावणार नाही.

ता. क. दोघांच्या डब्या तुम्हीच भरत होता आणि चकार शब्द बोलला नाहीत. यावर मी नंतर, समोर बसून बोलेन.

ता. क. लढाईमुळं मलम कमी येत असेल आणि एकाच डबीपुरतं उरलं असेल, तर आधी तिची भरा. तिलाही मुरमं आहेत हे ऐकल्यापासून ती मला जास्तच आवडायला लागली आहे.

(पाकिटाच्या पाठीवर) ता. क. पत्र टपालात टाकायला अब्बांकडं दिलं. त्यांनी पाकीट हुंगलं आणि म्हणाले, "मामूकडं मलम मागवलंस न्हवं? दोन डब्या मागव. सुनंला बी लागंल."