डिकीतला गोल कोनाडा

ती. सौ. आत्या हिला तिच्या भिंगरीचा नमस्कार, आणि तोही चक्क आडवं पडून केलेला. (रागावू नकोस. हे पत्र मी एका लाकडी गाडीच्या मागच्या सीटवर पाय पसरून लिहितेय. आमच्या ऑफिसात निवांत जागा अशी एवढीच, आणि ती माझ्याच हट्टानं झालेली असल्यामुळे मी ती हक्कानं वापरते.) तुझी कंबर कशी आहे? आतोबांचा गुडघा थोडा तरी वाकायला लागला, की अजून मालकासारखाच ताठ? शिट्टी चाकांच्या खुर्चीच्या हाताला टांगलेली असतेच ना? मागच्या वेळी चहाला उशीर झाला म्हणून त्यांनी तुला पिवळं कार्ड दाखवलं आणि तू तेच कार्ड कपाखाली ठेवून त्यांना चहा दिलास, ही गोष्ट मी इथे इतक्या जणांना सांगितली आहे की आतोबा जन्मभर फुटबॉलचे पंच होते हे आता आमच्या रंगखात्यालाही ठाऊक आहे. मी मजेत आहे. पत्र आपलं सहजच, काम असं काही नाही.

मी दिवसभर नेमकं करते काय, असं तू फोनवर विचारलंस म्हणून सांगते. तुमच्या दारात जी आमच्या कंपनीची छोटी गाडी उभी आहे (उभीच आहे, हे मला माहीत आहे, खुर्ची आत घातली तर आतोबांना पाय लांब करून बसता येत नाही, आणि आतोबा बसले तर खुर्ची बाहेर राहते), तिचंच नवं रूप आम्ही करतोय. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी, छोटीच, पण आत माणसं ऐसपैस बसली पाहिजेत आणि सामानही जास्त मावलं पाहिजे. म्हणजे घर बाहेरून तेवढंच ठेवायचं आणि आतून वाढवायचं. त्यात या घरात मुळात दोन कुटुंबं. इंजिन जुनं, पुढची खोली अडवून बसलेलं. बॅटरी कानामागून आली आणि तिखट झाली. तिनं डिकीचा तळच बळकावला. तिचे पालक म्हणजे आमचे बॅटरीवाले काका. सज्जन मनुष्य, पण बॅटरीचं नाव काढलं की पोटच्या पोरीसारखे हळवे होतात. तिला गरम होतं, तिला वारा लागतो, तिच्या शेजारी काही ठेवू नका. मी एकदा विचारलं, काका, बॅटरीला श्वास घ्यायला जागा हवी हे मान्य, पण मागे बसणाऱ्या माणसानं श्वास कुठे घ्यायचा? त्यावर ते मला म्हणाले, खिडकी आहे की!

तर माझ्याकडे गाडीचा मागचा अर्धा भाग. (त्यामुळे ऑफिसात माझं नाव 'मागची बाई'. पुढचा भाग ज्याच्याकडे आहे त्याला सगळे 'नाक' म्हणतात, तेव्हा मी सुखी आहे.) काकांना मी गोडीगुलाबीनं वळवलं आणि बॅटरी डिकीतून उचलून मागच्या सीटखाली नेली. तिच्या वाऱ्यासाठी सीटच्या बाजूला जाळी ठेवली आणि तिच्यावर कुणी पिशवी ठेवू नये म्हणून वर उतरती कड केली. काकांनी त्या जाळीतून स्वतः फुंकर मारून पाहिली तेव्हा कुठे सही केली. मला वाटलं, जिंकलो. पण खरं घोडं पुढेच पेंड खात होतं. गाडीचं रूप ठरवणारे आमचे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही उतारराव म्हणतो. त्यांना प्रत्येक गाडीचं छप्पर मागे उतरतं हवं असतं, ओल्या साबणासारखं. छप्पर उतरलं की मागच्या माणसाचं डोकं आपटतं आणि डिकीची उंची जाते. पण उतारराव नाकानं कांदे सोलत म्हणतात की गाडी आधी डोळ्यांत भरली पाहिजे. मी म्हणते, आधी तिच्यात माणूस भरला पाहिजे. हा वाद इतके दिवस चाललाय की आता आम्ही जेवतानाही एकमेकांना मीठ देत नाही.

अशा वादात कागदावरचं कुणी ऐकत नाही, म्हणून खऱ्या मापाची लाकडी गाडी करतात. चाकं नाहीत, इंजिन नाही, नुसती प्लायवूडची खोली आणि आत सीटं. तिच्यात ज्यानं त्यानं बसून पाहायचं. बसणारे सगळे धडधाकट, गुडघे वाकणारे. त्यांना पायाशी कितीही जागा दिली तरी ती जास्तच वाटणार. म्हणून एके दिवशी मी लांब लाकडी पट्टी घेतली, उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत कापडानं घट्ट बांधली आणि तसाच ताठ पाय घेऊन मागच्या सीटवर शिरले. शिरले खरी, पण निघता येईना. पट्टी पुढच्या सीटखाली अडकली, दाराची कड माझ्या बरगडीत, आणि ओरडायची लाज. शेवटी उताररावच आले. त्यांनी शांतपणे आपलं ते लाडकं छप्पर चार खिळे काढून उचललं आणि मला वरून बाहेर काढलं, डब्यातून लोणचं काढावं तसं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर फुलं! माझा पाय मोडला अशी बातमी मजल्यावर पसरली होती. मी खुलासा करत बसले नाही, उलट आठवडाभर थोडी लंगडले. त्या आठवड्यात पुढची सीट आणखी पुढे सरकण्याची सोय कुणाच्याही विरोधाशिवाय मंजूर झाली.

आता सामानाची गोष्ट. आत्या, इथे तू जरा बसून घे. मागच्या भेटीत जेवणानंतर आतोबा पलंगावर पडले होते आणि मी त्यांच्या घडी केलेल्या खुर्चीपाशी वाकून काहीतरी करत होते, आठवतंय? तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, कानातलं शोधतेय. (मी कानातलं घालतच नाही. लहानपणापासून मला वाढवलंस आणि एवढं लक्षात आलं नाही तुझ्या?) मी खुर्चीची मापं घेत होते. ती मी ऑफिसात आमच्या सुताराला दिली आणि तेवढाच लाकडी ठोकळा करून घेतला, डिकीत घालून पाहायला. आता हा ठोकळा कसला, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? माझ्या आतोबांची खुर्ची म्हटलं असतं तर उतारराव म्हणाले असते, कंपनी घरच्यांसाठी गाड्या करत नाही. म्हणून मी त्याच्यावर रंगानं लिहिलं, 'प्रमाणित सामान'. बस्स. एवढंच लिहिलं. बाकी सगळं लोकांनी केलं. महिन्याभरात तो ठोकळा शेजारच्या विभागानं मागून नेला. मग मोठ्या गाड्यांवाल्यांनी त्याची नक्कल करून घेतली. आता आमच्याकडे गाडीची डिकी लिटरमध्ये सांगतच नाहीत. दीड प्रमाणित सामान, दोन प्रमाणित सामान, असं बोलतात. एका तरुण इंजिनियरनं तर मला समजावलं की हे माप फार अभ्यास करून ठरवलेलं असतं. मी म्हटलं, हो का! अळीमिळी गुपचिळी.

पण माप घेताना माझ्या हातून एक गंमत झाली होती. खुर्चीच्या पाठीला जाळीत आतोबांचा तो जुना चेंडू बांधलेला होता, आणि मी घाईत तोही मापात धरला. सुतार बिचारा इमानी. त्यानं ठोकळ्याला एका बाजूनं गोल टेंगूळ काढून दिलं. आणि ते टेंगूळ मावावं म्हणून आमच्या डिकीच्या भिंतीत एक गोल कोनाडा तयार झाला. कुणीही विचारलं नाही, कशाला? जाहिरात लिहिणाऱ्यानं तर त्याला 'आपल्या आवडीच्या वस्तूसाठी खास जागा' असं नावही देऊन टाकलं. सगळं सुरळीत चाललं होतं. पण सोमवारी आमच्या मोठ्या बाई, म्हणजे ज्यांच्या एका शब्दावर गाडी होते किंवा होत नाही त्या, पाहणीला आल्या. उताररावांनी छप्पर खाली आणायची मागणी पुन्हा केली. ती मान्य झाली तर कोनाडाही जातो आणि खुर्चीही. मोठ्या बाईंनी ठोकळ्याच्या टेंगळावरून हात फिरवला आणि विचारलं, हे सामान आहे तरी कुणाचं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मग सगळे माझ्याकडे. माझ्या तोंडून निघालं, गिऱ्हाइकाचं. त्या म्हणाल्या, मग गुरुवारी त्या गिऱ्हाइकाला सामानासकट घेऊन या. नीट बसलं तर छप्पर आहे तिथे राहील. नाहीतर उतार.

आत्या, तू मला गाडी शिकवलीस ते दिवस मला अजून आठवतात. चौकात गाडी बंद पडली की मी रडायची, आणि तू म्हणायचीस, रडायला ना नाही, पण आधी इंडिकेटर दे, गाडी कडेला घे, मग हवं तितकं रड. अशी तू, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हॉर्न न वाजवता जाणारी, परवा फोनवर म्हणालीस, 'आता कुठे जायचंय आम्हाला.' फार साधेपणानं म्हणालीस आणि लगेच भाजीबद्दल बोलायला लागलीस. मागून आतोबांची शिट्टी ऐकू येत होती. खिडकीत बसून ते गल्लीतल्या खेळाला ऑफसाइड देत होते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला तुमची दोघांची फार आठवण येते, आणि तुम्ही घरात बसून राहिलेलं मला मुळीच आवडत नाही. बाकी सर्व क्षेम. कंबरेला शेक दे.

तुझीच,
भिंगरी

ता. क. पत्र सहजच लिहितेय असं वर म्हटलं ते खोटं आहे. गुरुवारी तुम्ही दोघं इकडे या. गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच.

दुसरा ता. क. न्यायला कंपनीची मोठी व्हॅन येईल. 'मला सामानासारखं नेऊ नका' म्हणून आतोबा व्हॅनला नकार देतात, हे मला माहीत आहे. (त्यांच्या खुर्चीवर मी 'सामान' लिहिलंय हे त्यांना चुकूनही सांगू नकोस.) त्यांना एवढंच सांग की इथे दोन पक्षांत वाद पेटलाय, कुणी कुणाचं ऐकत नाही आणि पंच हवाय. यात खोटं काहीच नाही. उताररावांना लाल कार्ड दाखवायची वेळ आलीच, तर मी आतोबांच्या बाजूनं आहे.

तिसरा ता. क. चेंडू खुर्चीला तसाच बांधून आण. तो नसेल तर त्या कोनाड्याचं मी काय उत्तर देऊ?

शेवटचा ता. क. लायसन्स विसरू नकोस. लाकडी गाडीखेरीज खरीखुरी चालणारी एक गाडीही तयार आहे, आणि मोठ्या बाईंनी सांगितलंय की गिऱ्हाइकानं ती स्वतः चालवून पाहावी, हवी तिथे न्यावी. फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे मैदान लागतं, आणि गुरुवारी संध्याकाळी तिथे सामना आहे. आतोबा मागे पाय लांब करून बसतील, खुर्ची डिकीत, चेंडू कोनाड्यात. आरशात त्यांच्याकडे बघून तुझे डोळे भरून आलेच, तर आधी इंडिकेटर दे.