पार्ट-बुकावरचं कुंकू

महबूला, कुवेत, ९ ऑक्टो. ९७
आले: कोकम अर्धा किलो, कुंकवाची पुडी, फुलवाती. गावच्या माणसासोबत. सगळे मिळून दीड दिनार. जास्तच.
ह्यांच्या बसगॅरेजात, तिकडे राई भागात, फ्रान्सच्या कारखान्याचं पत्र आलंय. ह्यांची ती शहरबस बनवणं बंद. आता बिनपायऱ्यांची, खाली टेकलेली गाडी निघालीय. जुनीच्या सुट्या भागांची शेवटची मागणी या महिन्यात पाठवा म्हणतात. कागद हेच भरणार. इराकच्या लढाईआधीपासून तीच एक गाडी ह्यांच्या हाताखाली. दुसरी येत नाही.

११ ऑक्टो., दसरा
हे पाने-पकडी पुसून घरी घेऊन आले. मी पार्ट-बुकही, सुट्या भागांच्या नंबरांचं पुस्तक, मागवलं होतं.
“तेलकट आहे गं, दुरून नमस्कार कर.”
मी कसली ऐकते. उघडून पूजलं. दारांचं पान निघालं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक.
जेवताना ह्यांनी सईला गाडीची वंशावळ ऐकवली. पहिल्या गाडीला दोन पानी, म्हणजे दोन फळ्यांचं दार, मग चार पानी घडीचं, मग इंजिन बदललं, गिअर आपोआप पडू लागले.
“बाबा, इट्स जस्ट अ बस.”
“तुझ्या शाळेत तीच सोडते हो रोज.”

२८ ऑक्टो.
मागणी गेली. नंबर पाठ आहेत, तरी पुस्तकावरूनच उतरवले म्हणाले. शेवटची मागणी, चूक नको. “आता गाड्या चालतील तोवर मीही चालेन.” देवापुढे साखर ठेवली.

१४ जाने. ९८, संक्रांत
खोकी आली. सगळं बरोबर, दारं हवेने उघडमिट करणारे सिलिंडर सोडून. ते पहिल्या, दोन पानी दाराचे. तसली गाडी कुवेतला आलीच नाही. दार मिटत नाही तर बस रस्त्यावर कशी घालणार. मुदीर, म्हणजे तिथला मॅनेजर, सगळ्यांसमोर म्हणाला, “उस्ताद, अंधा हो गया?” हे म्हणाले, गलती मेरी.
तिळगूळ तसाच वाटीत.

१५ जाने.
पुस्तक आणवलं. सिलिंडरच्या नंबरात छापील आकडा इंग्रजी तीन. माझ्या स्वस्तिकाचा ठिपका सरकून त्याचा आठ झालाय. आठ म्हणजे जुनं दार.
ह्यांना सांगितलं. पुस्तक मिटून पिशवीत घातलं. मग, “राहू दे माझ्या नावावर. मुदीरला कुंकू काय समजावू?”
अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, कोणाचा वाढवायचा, कोणाला घरी धाडायचं, ते ईदनंतर ठरणार. ईदला पंधरा दिवस.
पूजा चुकली म्हणवत नाही. पण

१८ जाने.
उपास. कशात लक्ष नाही, दोनदा दूध उतू. हे कामावर गेल्यावर मी कारखान्याला पत्र लिहायला बसले. ह्यांना सांगितलेलं नाही. सई इंग्रजी करून देते म्हणाली. “आई, दे वोन्ट रिप्लाय.” तरी. खर्डा:

साहेब, नमस्कार. दारांच्या सिलिंडरचा नंबर चुकला तो माझ्यामुळे, गॅरेजमुळे नाही. वर्षातून एकदा आम्ही हत्यारांची पूजा करतो, त्यात पुस्तकातल्या तीनवर लाल ठिपका पडून आठ झाला. तो आकडा तीन वाचावा. आलेले सिलिंडर वेष्टनातच आहेत. तुमच्या कोठीत चार पानी दाराचे उरले असतील तर बदलून द्यावेत. गाडी तुम्ही बंद केलीत, आमच्याकडे ती अजून चालते. आहेत की नाहीत, एवढं तरी उलट टपाली कळवावे.