घटकबाबूंची छत्री

श्रीश्री दुर्गा सहाय

काटवा
कोजागरीनंतरचा मंगळवार

परमपूज्य छोटोमामा यांच्या चरणी भाचा हाबुल याचा विजयेचा साष्टांग प्रणाम.

प्रणाम दशमीलाच पोचायला हवा होता, हे मला कळतं. पण यंदा दुर्गामाता गेली ती माझा जीव अर्धा घेऊनच गेली आणि उरलेल्या अर्ध्यात पत्र लिहायचं बळ नव्हतं. मामीमांचा गुडघा कसा आहे? तुमचं पित्त? (त्या दोघांनाही माझा प्रणाम सांगा, आपल्या घरात सगळ्यांत जुने तेच.) आई बरी आहे, म्हणजे रोज सकाळी मरणाची गोष्ट काढते आणि दुपारी इलिश मासा असला तर ती गोष्ट उद्यावर ढकलते. नारळाचे लाडू वेगळे पाठवतो आहे. पाक जास्त झाल्यामुळे ते कडक झाले आहेत, तेव्हा मामीमांनी आधी तुम्हाला खायला द्यावेत.

मामा, एक विचारतो, रागावू नका. लाहिडींची मुलगी आमच्या घरात देताना तुमच्यापैकी एकालाही आडनावाचा विचार सुचला नाही का? बाबांची नोकरी पाहिलीत, गोत्र पाहिलंत, बाबांचे दातसुद्धा मोजलेत म्हणे. पण जन्माला येणारं पोर उभा जन्म 'घटक' म्हणून मिरवणार आहे, हे कुणी पाहिलं नाही. आमचे पूर्वज खरोखरचे घटक, काखेत छत्री मारून गावोगाव लग्नं जुळवत फिरत. गावोगावच्या कुलीनांच्या वंशावळी त्यांना तोंडपाठ असत. कुणाच्या पणज्याने कुठे खाली मान घातली हे त्यांना ठाऊक, म्हणून मोठमोठे जमीनदार त्यांना पाट देऊन पाय धुवायला पाणी देत. (आजोबा, आमचे ठाकुरदा, हे सांगायचे तेव्हा स्वतःच पाय पुढे करायचे.) धंदा गेला, वंशावळी वाळवीने खाल्ल्या, आडनाव मात्र राहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

मी भूगोलाचा मास्तर, त्यामुळे दुःखाचासुद्धा नकाशा काढतो. शाळेतल्या जुन्या नकाशावर मी घटकांच्या टाचण्या टोचून ठेवल्या आहेत. बर्धमान-बांकुड्यात दाटी आहे, कोलकात्यात तर टाचणी टोचायला जागा नाही, दुर्गापूरच्या पोलादात आहेत, जलपाईगुडीच्या चहात आहेत, फाळणीत ढाक्याकडून निघालेले काही सिल्चरला थांबले, दिल्लीच्या चित्तरंजन पार्कात एक डॉक्टर आहे, आणि सेजोकाकांचा मुलगा टोरांटोला बर्फ उपसतो. या इतक्या घटकांत लग्नं जुळवणारा एकही नाही. काटव्यात तो धंदा नेपाल करतो, ज्याचं आडनाव प्रामाणिक आहे आणि जो जातीने न्हावी. आमच्या गल्लीतल्या मोदकाला (आडनावाने हलवाई) मधुमेह आहे, मालाकार (आडनावाने माळी) सायकलींची पंक्चरं काढतो आणि कर्मकार (आडनावाने लोहार) होमगार्डात आहे. त्यांना कुणी काही विचारत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण सगळ्यांना लागू आहे, पण वाळा दाखवायला फक्त मलाच बोलावतात. परीक्षेचे पेपर तपासत असलो तरी एखादी काकी येऊन मांडीवर मुलीचा फोटो ठेवते. वर शाळेच्या हजेरीपटावर कारकुनाने एक काना जास्त देऊन आणि 'ट'चा 'त' करून मला 'मृगांकमोहन घातक' केलं आहे. मुलं त्याच नावाने हाक मारतात आणि मला ते त्यातल्या त्यात बरं वाटतं.

आता मूळ गोष्ट. (तुम्ही म्हणाल, हाबुल नेहमीसारखा गल्लीबोळातून आला. हो, कारण हमरस्त्याने यायची छाती नाही.) आमच्या टाऊन लायब्ररीत गेल्या वर्षापासून अतसी सान्याल नावाची ग्रंथपाल आहे. वडील उभा जन्म आसामात रेल्वेत काढून इकडे आले. ती कशी आहे हे मी लिहीत नाही, लिहिता आलं असतं तर हे पत्र लागलं नसतं. मी पुस्तकं नेतो, ती तारखेचा शिक्का मारते. कधी मी न वाचताच परत आणतो आणि ती ते ओळखून पुस्तकातला प्रश्न विचारते. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा शिक्का मारता मारता ती म्हणाली की बाबा रविवारी घरी असतात. एवढंच. मी ते वाक्य घरी आणलं, उशाशी ठेवलं आणि पुष्कळ रविवार त्याच्याकडे बघत काढले. शेवटी भाद्रपदात एके दिवशी खांद्यावर फुलपाखरू बसलं. आई म्हणाली, प्रजापती बसला, आता लग्न टळत नाही. म्हणून इस्त्रीचं धोतर आणि पंजाबी कुर्ता घातला, मिठाई म्हणून मिहिदाना घेतला आणि पाऊस होता म्हणून बाबांची छत्री घेतली. मामा, ती छत्री मला नडली.

दार अतसीच्या आत्याने, पिशीमांनी उघडलं. त्यांना ऐकू कमी येतं. कोण म्हणून विचारलं तेव्हा मी नम्रपणे म्हणालो, "घटक." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काखेतल्या छत्रीकडे पाहिलं, मिठाईकडे पाहिलं आणि आत वळून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "दादा, घटक आला गो! एकदाचा आला!"

अतसीचे वडील, सान्यालमोशाय, धावत बाहेर आले. त्यांनी म्हणे बाजारात दोघातिघांना सांगून ठेवलं होतं की एखादा चांगला घटक पाठवा, आणि महिनाभर वाट पाहत होते. मला खुर्चीत बसवलं, पंखा लावला. मी म्हणालो की मी घटक. ते म्हणाले की ते छत्रीवरूनच कळलं. मी म्हणालो की अतसीदेवींच्या संदर्भात आलो आहे. ते म्हणाले की मग काय पिशीमांच्या संदर्भात येणार? मामा, तुमच्यासारख्या माणसाने तिथल्या तिथे हसून उलगडा केला असता. मी मिहिदान्याचा पुडा पुढे केला. तेवढ्यात त्यांनी विचारलं की मुलगा कोण आहे, आणि मला वाटलं की देवानेच वाट काढली. मी माझीच माहिती सांगायला लागलो. शाळेत भूगोल शिकवतो. वय अडतीस. घरी आई. घर स्वतःचं, छप्पर एका बाजूने गळतं. दिसायला साधारण. (इथे मी थोडी बढाई मारली.) स्वभाव भित्रा, पण...

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "घटकमोशाय, खरं सांगा. तुमची स्वतःची बहीण असती तर असल्या मुलाला दिली असतीत?"

मी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणालो, "नाही."

"मग? आमची काय रस्त्यावर पडली आहे? चांगलं काहीतरी आणा."

अतसी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन पडद्याशी उभी होती. किती वेळ उभी होती ते माहीत नाही, पण कपातला चहा थंड होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, छत्रीकडे पाहिलं. मी उठलो आणि पुढच्या रविवारी आणखी मुलं घेऊन येण्याचं वचन देऊन बाहेर पडलो. आता तुम्ही म्हणाल, वचन का दिलंस? मामा, ज्या माणसाला नुकतंच नाकारलं आहे तो माणूस मीच, हे त्याच खुर्चीत बसून कसं सांगायचं? आणि घटक म्हणून निदान त्या घरात जाता येत होतं, चहा मिळत होता.

मग मी एक बेत केला. (माझे बेत तुम्हाला माहीत आहेत, बारशाला मांजर मीच आत सोडलं होतं, उंदरांसाठी.) बेत असा, की एकाहून एक टाकाऊ मुलं न्यायची, म्हणजे सान्यालमोशाय कंटाळतील आणि म्हणतील, त्यापेक्षा तो भूगोलवाला काय वाईट होता. पहिला नेला काल्न्याचा होमिओपॅथ. त्याने मुलगी बघायची सोडून पिशीमांची जीभ बघितली. बेत झकास चालला होता. दुसरा नेला दुर्गापूरचा शुभेंदु मैत्र. आमच्या गणिताच्या मास्तरांनी शपथेवर सांगितलं होतं की हा मुलगा अत्यंत हेकट, घरात कुणाशी पटत नाही, तीन ठिकाणी जमलेलं लग्न मोडलं आहे. मी आनंदाने नेला. तो आला आणि चौकशीत कळलं की हेकट म्हणजे काय, तर हुंडा घेणार नाही म्हणून बापाशी भांडतो, आणि तिन्ही लग्नं त्यापायीच मोडली. वर इंजिनियर, वर उंच, वर पिशीमांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात बोलतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. सान्यालमोशायांनी मला मिठी मारली. म्हणाले, रक्तात असावं लागतं, नेपाल प्रामाणिकाला हे जन्मात जमलं नसतं. लग्न पक्कं करायचा पाकादेखा कार्तिकपूजेनंतर ठरला आहे आणि अग्रहायण महिन्यात लग्न. त्यांच्या गल्लीतल्या सगळ्या उपवर मुलींचे फोटो आता माझ्याकडे आहेत. कित्येक पिढ्यांनंतर घटकाने एक लग्न जुळवलं, मामा, आणि ते हे. ठाकुरदा असते तर पाय पुढे केले असते.

यंदा पूजेत मी मंडपाकडे फिरकलो नाही. ढाक वाजला की मी खिडक्या लावून घ्यायचो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडी दिसली म्हणून पुस्तक परत करायला गेलो, आत दुसरं कुणी नव्हतं. अतसीने शिक्का उचलला आणि तसाच हातात ठेवला.

"घटकबाबू," ती म्हणाली (एरवी ती मला मृगांकबाबू म्हणते), "दुर्गापूरचा मुलगा बाबांना आवडला. मला तो पहिला आवडला होता. भूगोल शिकवतो तो. त्याचं नाव तुम्ही सांगितलंच नाहीत."

मामा, माझ्या आयुष्यात असं वाक्य पुन्हा येणार नाही. काशीला जाऊन मेलो तरी कानात तेच असेल. आणि मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "चौकशी करून कळवतो." आणि छत्री उघडून बाहेर पडलो. ऊन होतं.

तेव्हापासून जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि वर्गात मी गंगा अरबी समुद्राला मिळवली. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. आयुष्यात काही करण्यासारखं राहिलेलं नाही. एवढंच कळवायचं होतं. मामीमांना प्रणाम, लहानांना आशीर्वाद. तुमच्याकडून काही नको, फक्त पित्ताची काळजी घ्या.

आपला स्नेहांकित हतभागी
हाबुल

ता. क. तसं एक हवं आहे. पाकादेख्याच्या आधी तुम्ही काटव्याला या. तुम्ही बोलायला लागलात की आसनसोलच्या बाजारात मासेवाल्या गप्प होतात, हे आई अभिमानाने सांगते. सान्यालमोशायांसमोर बसून एवढंच सांगा की तो पहिला मुलगा माझा भाचा आहे. दारात पिशीमांनी विचारलं तर फक्त 'लाहिडी' म्हणा. माझं आडनाव सगळं बोलणं झाल्यावर, निघताना, जमल्यास चपला घालता घालता सांगा.

ता. क. छत्री आणू नका. पाऊस आला तर भिजा. मी कोरडं धोतर देईन.

ता. क. वाचून झाल्यावर पत्र फाडून टाका. दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही, लायब्ररीच्या वाटेवर स्वतःच पेटीत टाकणार आहे, तेव्हा इकडची काळजी नको.

ता. क. मामाबाबू, माझाही विजयेचा प्रणाम घ्यावा. आपली ओळख नाही, पण अक्षर बदललं हे आपल्या लक्षात आलंच असेल. हे पत्र मला 'नद्यांचे प्रवाह' या परत आलेल्या पुस्तकात मिळालं. पाकीट उघडं होतं. पहिल्या पानावर थांबायला हवं होतं, थांबले नाही. (हाबुल हे नाव मला कुणी सांगितलं नव्हतं.) त्या रविवारी मी पडद्यामागे उभी होते. वाटलं, पुढच्या वाक्यात बोलतील. मग वाटलं, पुढच्या भेटीत. दरवेळी ते एक नवा मुलगा घेऊन आले. काल रात्री मीच बाबांना सांगितलं की मला तो पहिला मुलगा हवा. बाबा म्हणाले, कोण तो? मी म्हणाले, घटक. ते म्हणाले, घटकाने आणला ते मला माहीत आहे, मुलाचं नाव सांग. मी पुन्हा म्हणाले, घटक. आज सकाळपासून ते चिडून बसले आहेत आणि पिशीमा विचारताहेत की आता आणखी कोणता घटक आला. हे माझ्याने उलगडणार नाही, आपण याच. दुर्गापूरला मी स्वतः कळवलं आहे. आणि बाबांनी लग्न जुळवल्याबद्दल घटकाला विदाई म्हणून द्यायला एक धोतर आणि एक नवी छत्री आणून ठेवली आहे. धोतर जावयाला चालेल. छत्री आपण घ्या.