बादलीतली माती आणि श्रीखंडाच्या डब्यातलं चूर्ण

लिहून ठेवणार सौ. सुनेत्रा श्रीधर आगाशे, वय एकाहत्तर, निवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार हायडेलबर्ग. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ह्यांच्यावर माझा असेल तर तो वेगळा विषय. माझा मुलगा चि. वेदांग याने वोल्फ्सबुर्गहून टाइप केलेला सुबक मसुदा पाठवला होता. इथल्या कायद्याला असं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिलेलं लागतं, म्हणून त्या मसुद्यात मी कोथिंबीर गुंडाळली आणि पेन घेऊन बसले. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. मरायला सवड नव्हती.

कलम १. राहतं घर ह्यांच्या हयातीत ह्यांच्याकडे राहावं. त्यानंतर घर व बँकेतली शिल्लक वेदांग आणि मुलगी सौ. मैथिली यांना समसमान. इथे भांडायला मी जागा ठेवलेली नाही. अहो, केलर, म्हणजे खालचं तळघर, आवरून ठेवा, आणि माझ्या पश्चात सगळ्या पातेल्यांत चहा करू नका.

कलम २. माझ्या टेबलावरची बिस्किटी रंगाची टाइल हेर (म्हणजे श्रीयुत) क्र्युगर यांना द्यावी. टाइल्सच्या कारखान्यात माझं काम असं होतं: ट्रकभर माती आली की त्यातली मूठभर वाळवायची, दळायची, यंत्राखाली धरून सिलिका किती, अ‍ॅल्युमिना किती, लोह किती ते पाहायचं, मग भट्टीत तापवून वजन किती घटतं ते मोजायचं. टाइल पांढरी निघेल की नाही, सरळ राहील की वाकेल, हे त्यावरून आधीच कळतं. क्र्युगर खरेदीखात्याचे. नव्या खाणीची माती आणली आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी तीच आहे, फ्राऊ आगाशे!" मी म्हटलं, लोह जास्त आहे. ऐकलं नाही. पांढऱ्या टाइल्सची अख्खी खेप चहात बुडवल्यासारखी निघाली. त्यांतलीच ही एक. त्यांनी तिच्यावर गरम कप ठेवावा आणि माझी आठवण काढावी.

कलम ३. आता मुख्य मुद्दा. तपासणीनंतर उरलेल्या मातीचा मी दर वर्षी गणपती करत आले. विसर्जन बादलीत. माती खाली बसली की पाणी कुंड्यांना, आणि तीच माती पुढच्या वर्षी पुन्हा पाटावर. चार वर्षांपूर्वी मैथिलीची अन्वी बादलीपाशी रडायला लागली. "आजी, एर झॉल ब्लायबन!" म्हणजे त्याला राहू दे. भाचीच्या डोळ्यांतलं पाणी वेदांगमामाला बघवेना. "तुझा बाप्पा मी कायमचा करतो," म्हणाला आणि मला न विचारता मूर्ती मित्राच्या भट्टीत भाजायला नेली. आतून भरीव, पुरती न वाळलेली मूर्ती. फुटली.

मैथिली म्हणाली, "देव फोडलास तू." वेदांग म्हणाला, "आत पाणी होतं, त्याची वाफ झाली. सिंपल आहे." तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. ती बॉबलिंगेनला दुकानातला गणपती आणते. तो विरघळत नाही, आठवडाभर आंघोळीच्या टबात बसून राहतो. हा वोल्फ्सबुर्गला थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकचा छापून घेतो. माझा पाट रिकामा असतो, आणि ते मला फार लागतं.

माझा निकाल असा. मैथिली, उत्तरपूजा झाली होती. देव केव्हाच निघून गेले होते. फुटली ती माती. वेदांग, वाफेचं तुझं बरोबर आहे, पण पोर रडत असताना शास्त्र सांगत नाहीत, आधी तिला जवळ घेतात.

कलम ४. त्या वर्षी मूर्ती करून बादलीत उरलेली माती मैथिलीला. त्या फुटक्या मूर्तीचे तुकडे मी जपून ठेवले होते. ते खलबत्त्यात कुटून, चाळून श्रीखंडाच्या डब्यात भरले आहेत. तो डबा वेदांगला. नुसत्या मातीची मूर्ती वाळताना आकसते आणि सोंडेला तडा जातो. त्या मातीत भाजलेल्या मातीचं चूर्ण मिसळलं की ती कमी आकसते, तडा टळतो. हे मी कारखान्यात आयुष्यभर केलं. नुसत्या चूर्णाचा मात्र मोदकसुद्धा वळला जात नाही. तेव्हा ज्याला आपला वाटा वापरायचा असेल, त्याने दुसऱ्याकडे जावं.

कलम ५. बाकी सगळं माझ्यामागे. कलम ४ मात्र आजपासून लागू. मला तो गणपती बघायचा आहे.

साक्षीदारांची इथल्या कायद्याला गरज नाही. मला आहे. दोघांनी माझ्यासमोर, एकाच टेबलावर बसून सही करावी, आणि मातीच्या हातांनी केली तरी चालेल.

हायडेलबर्ग, रविवार, १० ऑगस्ट २०२५
(सही) सुनेत्रा श्रीधर आगाशे

साक्षीदार:

१. (सही) वेदांग आगाशे. गाडी रद्द झाल्याने उशीर झाला.

२. (सही) मैथिली. गाडी रद्द नव्हती, मी पाहिलं. आणि चूर्ण जास्त टाकलंय याने.

३. अन्वी, वय नऊ. सोंड मी केली.