आठची मोटार

३ मे १९३२, मंगळवार. नागाव.
पेन्शनीत निघून महिना झाला. तीस वर्षे रस्त्यांच्या खात्यात कारकुनी केली, पण स्वतःच्या डोक्याने एकही रस्ता काढला नाही. आता काढणार. कोर्टकचेरीसाठी अलिबागला जायचे तर बैलगाडीने वरच्या रस्त्याने दोन तास. माणसे उन्हात भाजतात, बैल धुळीने खोकतात. आणि समुद्राकाठी पाटासारखी घट्ट वाळू रिकामी पडली आहे! मोटार पंधरा मिनिटांत जाईल. मध्ये फक्त खाडीचे मुख आडवे येते. ही काही अडचण नव्हे.

७ मे. सकाळी ९.
खाडीच्या मुखाशी जाऊन आलो. बरोबर आठला पाणी घोट्याएवढे. पाटी रंगवायला दिली : ‘दररोज सकाळी आठ वाजता. अलिबागहून परत साडेआठ.’ खाडीवरचा भागोजी कोळी पाटी बघायला आला. त्याला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली. म्हणाला, “तात्या, सुकती रोज पाऊन तास उशिरा व्हते, पानी उशिरा उतरतं. रोज आठला कशी गावंल?” त्याला समजावले की टाइमटेबल पक्के नसेल तर पब्लिकचा विश्वास बसत नाही. तो मान हलवत खाडीकडे गेला. पटले असावे.

८ मे, अक्षय्य तृतीया.
सर्व्हिस सुरू! पनवेलच्या एका शेटने टाकून दिलेली फोर्ड, ड्रायव्हर दयाराम, पॅसेंजर सहा. सोळा मिनिटांत अलिबाग. कमळने मोटारीला कुंकू लावले, पण बसली नाही. घरात काम आहे म्हणाली. आमच्या सौभाग्यवतींना नव्या गोष्टींची धास्ती.

११ मे.
खाडीत पाणी गुडघाभर. वाऱ्यामुळे असावे. पॅसेंजर धोतरे वर धरून उतरले व त्यांनी मोटार ढकलली. या उकाड्यात तेवढाच गारवा. भागोजी रोज मुखाशी येऊन उभा राहतो. मोटारीचे कौतुक दिसते.

१४ मे.
आठ वाजता वाळू दिसेना. सर्व्हिस इंजिनाच्या दुरुस्तीसाठी बंद ठेवली. दयाराम म्हणाला, इंजिन ठीक आहे, साहेब. मी म्हटले, मग तसे लोकांना सांगत बसू नकोस.

१७ मे.
पान हलत नाही. माडसुद्धा उभे आहेत ते खिळल्यासारखे. दयाराम सुट्टी मागतो. त्याने खाडीच्या तळाशी काठी खुपसून पाहिली, ती हातभर आत गेली, मग काढायला जोर लावावा लागला. भागोजीने त्याच्या डोक्यात भरवले आहे की तीन वर्षांमागे तिथेच भरली गाडी बैलांसकट गेली, नंतर नुसते जू वर आले. मी म्हटले, गाडी वेगळी, मोटार वेगळी. तरी भागोजी संध्याकाळी घरी आला. अंगणातच उभा राहिला. “तात्या, पुनवेला नको. पुनवेचा पानी थांबत न्हाय.” चहा दिला, न घेता गेला.

१८ मे.
खरी अडचण सापडली. पब्लिकचा विश्वास. उपाय : शुक्रवारी सर्व्हिस पुन्हा सुरू, पुढच्या सीटवर कमळ. कमळला सांगितले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग विचारले, “तुम्ही जाऊन नीट पाहिलंय ना?” पाहिले आहे म्हटले. उन्हामुळे गेलो नव्हतो, पण एकदा पाहिले आहेच.

२० मे, शुक्रवार, पौर्णिमा. सकाळी ७.
समुद्र कधी नव्हे इतका आत गेला आहे. त्यानेच रस्ता मोकळा करून दिला म्हणायचा. आभाळ पांढरे. पक्षी नाहीत. आजचा पॅसेंजर एकच, भाजीवाली गोदूबाई. “वैनी बसतात म्हून मी बसते,” म्हणाली. विश्वास परत येतो आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४.
इंजिनाने दगा दिला. आठला म्हणजे आठला निघालो होतो. खाडीच्या मधोमध चाके रुतली. दयारामने हँडल मारले, मारतच राहिला. पाणी आधी चाकाशी, मग फूटबोर्डवर, मग सीटवर. एकाच बाजूने येत नव्हते. गोदूबाई देवीचे नाव घेत होती. कमळने माझा सदरा धरला होता. मी शांत राहून सूचना देत होतो. भागोजी व त्याची माणसे होडी घेऊन आली. दयारामने गोदूबाईला उचलून दिले. बायकांना आधी चढवून मी शेवटी चढलो. सर्वजण सुखरूप. मोटार तिथेच.

२१ मे.
लोक भेटायला येतात. ओटीवर बसून चार वेळा हकीकत सांगितली. वरिष्ठांना रिपोर्ट पाठवावा असा विचार आहे, विषय : अनपेक्षित भरती. कमळ कालपासून बोलत नाही. स्वयंपाक वेळेवर होतो. तिच्या मनगटावर काळानिळा डाग आहे. कशाने झाला ते विचारले नाही.

२२ मे, रविवार.
सकाळी चौलहून मेहुण्याची बैलगाडी आली. कमळचे गाठोडे आधीच बांधलेले होते. मी म्हटले, चार दिवसांनी घ्यायला येतो. ती गाडीत बसली, पदर सारखा केला, मग म्हणाली, “लोकांना सांगताय ते सांगा. मला सांगू नका.” मेहुणा खाली बघत होता. गाडी वरच्या रस्त्याने गेली.

रिपोर्ट लिहायला बसलो. ‘बायकांना आधी’ इथपर्यंत आलो आणि कागद फाडला.
होडी आली तेव्हा भागोजीने हात कमळपुढे केला होता. तिने तो धरलाही होता. तिचा हात सोडवून भागोजीचा हात मी धरला.